डिझेलची टाकी, पावसाळा आणि शेजारची विहीर

बोईसर-तारापूर पट्ट्यात स्वतःचे डिझेल साठवून ठेवणारे व्यावसायिक थोडेथोडके नाहीत. जनरेटर चालविणारे लहान कारखानदार, दोन-चार ट्रक बाळगणारे वाहतूकदार, मनोरजवळच्या महामार्गावरील गॅरेजवाले यांच्या आवारात पिंपे किंवा एखादी टाकी असतेच. आगीची भीती सर्वांना असते, म्हणून वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या दिसतात. टाकीच्या बुडातून जमिनीत मुरणाऱ्या डिझेलची दखल मात्र कोणी घेत नाही.

प्रथम कायदा पाहू. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे डिझेल ‘ब’ वर्गात मोडते. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत साठा असेल आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर परवाना लागत नाही. येथे आपले बरेच व्यापारी चुकतात. ते फक्त पहिला आकडा लक्षात ठेवतात. भंगारातून २,००० लिटरची टाकी आणून बसविली की साठा मर्यादेत असूनही परवाना लागतो, कारण एकच भांडे हजाराच्या वर गेले. परवाना देणारे खाते म्हणजे पूर्वीचे एक्स्प्लोझिव्ह खाते, आताचे ‘पेसो’. त्याचे मुख्यालय नागपूरला आहे. परवान्याच्या टाकीची वापरापूर्वी सक्षम व्यक्तीकडून पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते.

आता २०० लिटरची १२ पिंपे घ्या. साठा २,४०० लिटर, परवाना नको, तपासनीस येत नाही. परंतु १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ प्रवाहात किंवा विहिरीत जाणूनबुजून प्रदूषक जाऊ देण्यास मनाई करते, आणि त्या कायद्यातील ‘प्रवाह’ या शब्दात जमिनीखालचे पाणीही येते. लहान साठेदाराला त्यातून सूट नाही. आपल्यासाठी तर हा विषय नवा नसावा. साचलेल्या पाण्यात लघवी करण्याचीही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, मग लोकांच्या पिण्याच्या विहिरीत आपले तेल जाऊ देण्याविषयी वेगळे काय सांगावे?

गळती किरकोळ वाटते, म्हणून थोडा हिशेब करू. सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४ लिटरहून जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरहून जास्त तेल जाते. हा झाला पैशाचा तोटा. पाण्याचा हिशेब याहून कठीण आहे. पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते. हा पदार्थ कर्करोगकारक आहे आणि पाण्यात विरघळतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा सुचविली आहे. म्हणजे एक लिटर पेट्रोलमधले बेंझिन आठ लाख लिटरहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. डिझेलमध्ये बेंझिन फारच कमी असते, पण त्याचा तवंग आणि वास पाणी निरुपयोगी करायला पुरेसा आहे. अशा पाण्यात टीसीएल पावडर टाकून उपयोग नाही.

चेन्नईतील तोंडियारपेठ भागात २०१३ मध्ये भूमिगत तेलवाहिनीला गळती लागली, तेव्हा ती रहिवाशांना कळली ती बोअरवेलमधून तेल येऊ लागल्यावर. आपला भाग तर आधीच अंगावर घाव घेऊन बसला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण, म्हणजे देशात सर्वांत वाईट क्रमांक मिळाला होता. तो दोष मुख्यतः मोठ्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा. तरी त्यात आपली भर कशाला?

पालघरच्या पावसात जमिनीखालच्या टाकीला आणखी एक धोका असतो. भूजल वर चढते आणि रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. १०,००० लिटरची टाकी पूर्ण पाण्यात असेल तर तिच्यावर सुमारे १० टनांचा जोर खालून येतो. तिला पट्ट्यांनी काँक्रीटमध्ये जखडलेले नसेल तर पाइपाचे सांधे निखळतात. म्हणून जून ते सप्टेंबर टाकी तळाला जाऊ देऊ नये. डीप रॉडच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावून रोज पाहावे. पाणी आढळले तर ते झाकणातून आले की बुडातून, याचा शोध घ्यावा. बुडातून पाणी आत येत असेल तर पाणी उतरल्यावर त्याच छिद्रातून डिझेल बाहेर जाणार.

गळती ओळखण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. सकाळचा साठा, आलेला माल, दिलेला माल आणि संध्याकाळचे मोजमाप. समजा सकाळी ३,२०० होते, ४,००० आले, ८५० दिले; राहायला हवे ६,३५०. रॉड ६,३१० दाखवितो. ४० लिटर कमी दिसले म्हणून लगेच ड्रायव्हरवर चोरीचा आळ घेऊ नये. ६,००० लिटर डिझेल १० अंशांनी थंड झाले तर सुमारे ५० लिटरने आकुंचन पावते. तापमानाने पडलेला फरक कधी कमी, कधी जास्त असतो. रोज कमीच येत असेल, आणि पंप बंद असलेल्या जुम्याच्या सुटीतही घट दिसत असेल, तर टाकी गळते आहे असे धरावे. अमेरिकेत १९८८ पासूनच्या नियमात महिन्याच्या उलाढालीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन (सुमारे ४९२ लिटर) यापुढचा फरक संशयास्पद मानतात. आपल्या लहान टाक्यांना एवढी सवलत फारच मोठी होईल.

जमिनीवरच्या टाकीला किंवा पिंपांना सिमेंटचा बांध घालावा. १,००० लिटरची टाकी पायांवर उभी असेल तर २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच बांधात १,२०० लिटर मावते. वर पत्रा हवाच, नाहीतर पहिल्याच पावसात बांध पाण्याने भरतो आणि कामगार कॉक उघडून सगळे गटारात सोडून देतो. कॉक कायम बंद ठेवावा.

गळती सापडलीच तर प्रथम टाकीतला माल दुसरीकडे काढावा, विहिरीत वास येत असल्यास ठिणगीच्या भीतीने तेथील मोटर सुरू करू नये, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूर कार्यालयाला लेखी कळवावे. त्याआधी मात्र शेजाऱ्याच्या दारात जाऊन सांगावे की पाण्याची तपासणी होईपर्यंत हे पाणी पिऊ नका, आणि तोवर टँकरचा खर्च आपण द्यावा.