दुधाच्या कॅनमधील चिकट थर व त्याचा बंदोबस्त

पावसाळा लागला म्हणजे आंदरमावळ, नाणेमावळ व पवनमावळ येथील गोठ्यांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते. गाय निरोगी, कॅन जंतुनाशकानें धुतलेला. तरी दूध केंद्रावर नासकें ठरून परत येतें व घरधन्याची एका वेळची कमाई बुडते. मग औषध कमी पडलें असें समजून त्याची मात्रा वाढविण्यांत येते. आमच्या मतें दोष मात्रेचा नसून धुण्याच्या क्रमाचा आहे.

कॅन डोळ्यांस स्वच्छ दिसला तरी झांकणाच्या रबरांत, सांध्यांत व पोचे पडलेल्या जागीं दुधांतील स्निग्धांश, प्रथिनें व चुना यांचा बारीक लेप राहतो. जीवाणू त्यास चिकटतात आणि स्वतःभोंवतीं डिंकासारखा पदार्थ स्रवून आंत वस्ती करितात. या वस्तीस शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. वरून ओतलेल्या क्लोरीनचें बळ बाहेरच्या घाणीवरच खर्च होतें व आंतील जीवाणू वांचतात. सतराव्या शतकांत हॉलंडमधील लेवेनहुक यास दातांवरील किटणांत हेंच आढळलें होतें; व्हिनेगरनें बाहेरचे सूक्ष्मजीव मेले, आंतले जिवंत राहिले.

वांचलेले जीवाणू पुढील दुधांत उतरतात. दर अर्ध्या तासास ते दुप्पट होत गेले, तर दहा तासांत एकाचे दहा लाखांहून अधिक होतात. डेअरींत ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापविल्यानें बहुतेक मरतात खरे. परंतु कांहीं जातींचीं बीजें तग धरतात, व सूडोमोनास जीवाणूंनीं आधींच सोडलेलीं पाचकद्रव्यें उरून दूध बिघडवितात.

यास्तव पुढील क्रम पाळावा. दूध ओततांच कॅन कोमट पाण्यानें विसळावा. कढत पाण्यानें प्रथिनें भांड्यास धरून बसतात. नंतर एक लिटर गरम पाण्यांत १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून ब्रशानें घांसावें व रबर काढून निराळें धुवावें. ॲल्युमिनियमच्या कॅनास मात्र सोडा लावूं नये, तो धातु खातो; तेथें सौम्य साबण वापरावा. चुन्याच्या खवल्यासाठीं आठवड्यांतून एकदां सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानें घांसून भरपूर पाण्यानें धुवावें. आम्ल व क्लोरीन कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांतून विषारी वायु निघतो.

लोणावळ्यास वर्षाकांठीं सरासरी ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेंत ओला कॅन झांकून ठेवणें म्हणजे जीवाणूंस आश्रय देणेंच होय. तो लांकडी घोडीवर उपडा ठेवावा. धारेपूर्वीं लिटरभर स्वच्छ पाण्यांत चार टक्क्यांचें हायपोक्लोराइट ५ मिलिलिटर घालून, तें कॅनमध्यें दोन मिनिटें फिरवून पूर्ण निथळावें. घांसलेल्या भांड्यावर एवढी मात्रा पुरते.

दप्तराच्या जुन्या संवयीनें आम्ही आणखी एक सुचवितों. कॅन कोणत्या दिवशीं कसा धुतला व केंद्रावर दूध उतरलें कीं परत आलें, हें महिनाभर वहींत लिहावें. परत आलेल्या दुधाचें कारण त्या नोंदींतून पुष्कळदां हातीं लागतें.