तीनशे चारला बसण्याआधी

बाळा, गौरी-गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की देवरुखात आरतीनंतर ओटीवर डाव पडतोच, आणि यंदा त्यात तू भिडू म्हणून बसणार आहेस. झब्बू, बदाम सात, मेंढीकोट तुला येतं. तीनशे चार मात्र वेगळ्या जातीचा खेळ. मोठ्यांनी माझ्या कानात घातलं ते आता तुला सांगतो, नीट ऐक.

आधी राजा-राणीचं कौतुक सोड. सत्तीपासून एक्क्यापर्यंत बत्तीस पानं घ्यायची. सगळ्यांत वरचढ गुलाम, त्याचे ३०. त्याखाली नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, मग राजा ३, राणी २. अठ्ठी-सत्तीला शून्य. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. एवढं सगळ्यांनाच पाठ असतं. तू पुढचा हिशेब कर. चार गुलामांचे १२० आणि चार नव्व्यांचे ८०, म्हणजे ३०४ पैकी २०० या आठ पानांत आहेत. बाकी पानं आठवली नाहीत तरी चालेल, पण कुठला गुलाम पडला आणि कुठली नव्वी अजून दडून आहे, हे डावाच्या कुठल्याही घडीला तुला सांगता आलं पाहिजे.

गुलाम राजाच्या डोक्यावर कसा बसला, असं तू लहानपणी विचारायचास. इंग्रजांचा जॅक म्हणजे घरचा पोऱ्या, फ्रेंचांचा व्हॅले म्हणजे चाकर. आपण त्याला गुलाम म्हटलं. मोगली गंजिफाच्या आठ रंगांत तर एका रंगाचंच नाव गुलाम होतं. डच लोक अजून क्लाव्हरयास नावाचा खेळ खेळतात. त्यात हुकमाचा गुलाम सगळ्यांत वर, त्याखाली हुकमाचीच नव्वी, आणि एक्क्याचे ११, दश्शीचे १० गुण, थेट आपल्यासारखे. त्यांच्या भाषेत क्लाव्हर म्हणजे किलवर. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. मला यात नातं दिसतं. आणि मानाची उलटापालट कोकणाला नवी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंगांची १२० गोल पानं असतात. राजा आणि प्रधान सगळीकडे वर, पण निम्म्या रंगांत त्यांच्याखाली दहाचं पान मोठं, तर उरलेल्या निम्म्यांत एकाचं. पान हातात आलं की त्याचा चेहरा बघू नकोस, त्या खेळातली त्याची जागा बघ.

आता बोली. पहिली चार पानं हातात आली की बोलायचं असतं, बाकीची चार नंतर येतात. एका रंगाचा गुलाम आणि नव्वी दोन्ही तुझ्याकडे असतील तर बेधडक बोल. नुसता गुलाम आणि सोबत दुसऱ्या रंगांची भरड असेल तर गप्प बस. एकूण आठ हात, ३०४ ला आठाने भागलं की हाताला सरासरी ३८ पडतात. दोनशे बोललास तर पाचाहून जास्त हात लागतील, हे बोलण्याआधी मनात मांड. भिडू आपोआप दोन हात देईल, असं धरून चालू नकोस.

हुकूम पालथा ठेवताना गुलाम ठेवायचा नाही, त्याच रंगाचं हलकं पान ठेव. पालथं पान अडकून पडतं, आणि तीसचं पान अडकवून खेळणं परवडत नाही.

बाजूच्या रंगाचा गुलाम मात्र पहिल्या फेरीतच सोडव. रंगात पानं आठच. एका फेरीत बहुतेक वेळा चार जातात, दुसऱ्या फेरीला कोणाकडे तरी तो रंग नसतोच आणि तो हुकमाने कापतो. पुढच्या खेपेला बघू म्हणून राखलेला गुलाम असा तीस गुण घेऊन समोरच्यांच्या घरी जातो. हुकमाचा गुलाम नेमका उलट. तो घाईने खर्चू नकोस.

नव्वीचं दुखणं वेगळं. गुलाम बाहेर असताना एकटी नव्वी हातात असेल, तर त्या रंगाची उतारी आपण करायचीच नाही. सोबत सत्ती-अठ्ठी असेल तर आधी ती देऊन गुलाम पडायची वाट बघ. गुलाम गेला की त्या रंगात नव्वीच राणी.

भिडूचा हात पक्का दिसला की त्यावर एक्का, दश्शी मोकळ्या मनाने घाल. समोरच्यांचा हात असेल तर सत्ती-अठ्ठी टाक, ती नसेल तर राणी. भिडू काय टाकतो यावरून त्याच्याकडे काय नाही ते कळतं, म्हणून स्वतःच्या पानांत मान घालून बसू नकोस. खुणा तर अजिबात नकोत, डोळ्यांच्याही नाहीत. आपल्या ओटीवर तो खोटेपणा समजतात, आणि मलाही तसंच वाटतं.

वाटण्याआधी नियम बोलून घे. हुकूम कधी उघडायचा, कमीत कमी बोली किती, हे प्रत्येक वाडीत निराळं असतं, आणि भांडणं तिथेच होतात. पैसे लावायचे नाहीत. उरलेल्या वीस पानांतल्या छक्क्या-पंज्यांवर डाव मोजा.

भिडू चुकला तर चार माणसांत बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, तो डाव पुन्हा मांडून दोघांनी बघायचा.

आणि कॅट प्लॅस्टिकचा आण. भाद्रपदातल्या दमट हवेत कागदी पानं फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि वाटताना दोन पानं एकदम गेली की सगळा डाव मोडून परत पिसावा लागतो.