सांगायचं कुणाला, झाकायचं किती

लिथियमची गोळी जुनी आणि स्वस्त. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली तिचा उन्मादावरचा गुण दाखवून दिला. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या बायपोलर आजारात आजही डॉक्टर तिच्यावर भरवसा ठेवतात. पण तिचं गणित बारीक आहे. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट असेल तोवर ती औषध, १.५च्या वर गेली की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, किंवा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं पोटात गेली, तर लिथियम शरीराबाहेर पडायचं कमी होतं आणि रक्तात साठत जातं.

माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हे सगळं एकाच आठवड्यात जुळून आलं. तो नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर असतो. मे महिना, पत्र्याच्या शेडखाली आठ तासांची पाळी, त्यात जुलाब आणि कंबरदुखी. गल्लीतल्या डॉक्टरांनी दुखण्यावर गोळी दिली. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी तीच दिली असती, कारण त्याला लिथियम चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं त्याच दिवशी आईने बजावलं होतं, ‘हे उंबऱ्याबाहेर जाता कामा नये.’

आधी हात थरथरायला लागले, इतके की कप बशीवर वाजायचा. मग जीभ जड झाली, पावलं वाकडी पडायला लागली. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांना वाटलं, पिऊन आलाय. रक्त तपासल्यावर खरं काय ते कळलं. सलाईनवर ठेवलं, गोळी थांबवली, आणि तो वाचला. बरा झाल्यावर त्याने घरात एकच विचारलं, ‘आजार माझा आहे ना? मग कुणाला सांगायचं हे तुम्ही कसं ठरवलंत?’

मानसिक आजारासोबत जगणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं चाललंय, हे पाहायचं तर या प्रश्नापासून सुरुवात करावी. झोप लागते, आवाज ऐकू येत नाहीत, भांडत नाही, एवढ्यावर घरचे समाधान मानतात. माणूस मात्र गुपितापायी आक्रसत जातो. मित्र तुटतात, लग्नकार्याला जाणं बंद होतं, गोळी न्हाणीघरात जाऊन घ्यावी लागते. आणि हे गुपित म्हणजे काही जगावेगळी गोष्ट नव्हे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता.

लपवालपवीचा पहिला फटका शरीराला बसतो. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. मनोविकारतज्ज्ञ झोपेचं विचारतात, फॅमिली डॉक्टर रक्तदाब पाहतात, वाढत्या पोटाकडे पाहायला मधे कुणीच नसतं. म्हणून फाईल एकच ठेवावी आणि ती दोघांनाही दाखवावी. पाकिटात चालू औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी असावी. लिथियम असेल तर त्याचं रक्तातलं प्रमाण, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या चुकवू नयेत. उन्हाळ्यात पाणी किती प्यावं, कडक उपास करावा का, हे डॉक्टरांना आधी विचारावं. दातदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये.

उघड बोलण्याने काय घडू शकतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्याच धुळे जिल्ह्यातलं आहे. तिथून कॅनडात जाऊन कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला, तो त्यांनी दडवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्णांच्या नातेवाइकांना आपलं म्हणणं मोकळेपणी मांडायला जागा मिळाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून आला. त्यात अतुल कुलकर्णींनी साकारलेला स्किझोफ्रेनियाग्रस्त शेष पाहून कितीतरी घरांना वाटलं असेल, अरे, हे तर आपल्याकडचंच!

प्रत्येकाने असं जाहीर बोलावं, असं मुळीच नाही. सगळ्या नातेवाइकांना हिशेब द्यायचं कारण नाही. पण फॅमिली डॉक्टर, एक मित्र आणि कामावरचा एक माणूस, एवढ्यांना ठाऊक असणं भावाच्या फार उपयोगी पडलं. जागरणाने उन्माद उसळू शकतो, म्हणून रात्रपाळी नको होती. त्याने डॉक्टरांचं पत्र दिलं, त्यात आजाराचं नाव नव्हतं, आणि साहेबांनी ऐकलं. सगळीकडे असं होईल याची खात्री नाही. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सवलतींचा दरवाजा उघडतो.

‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला मात्र सरळ परतवावा. आजार लपवून केलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली फसवणुकीच्या कारणावरून रद्द होऊ शकतं, आणि दोन माणसं होरपळतात ती वेगळीच. सांगून, भेटून, डॉक्टरांशी बोलून झालेली लग्नं टिकलेली मी पाहिली आहेत.

सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत; नाशिककरांनी आधी त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय गाठावं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करता येतो, आणि तो मोफत आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आणखी एक सोय दिली आहे. आजार उसळला तर आपल्या वतीने कुणी बोलायचं, ते माणूस शहाणा-सावध असताना साध्या कागदावर सहीनिशी लिहून ठेवू शकतो, आणि पुढे बदलूही शकतो. भावाने हा कागद केला. त्यात नाव घातलं ते त्याच्या पाळीतल्या मित्राचं, घरातल्या कुणाचं नाही. आईला ते लागलं. तिची समजूत अजून पूर्ण पटलेली नाही, पण फाईलमधला तो कागद तिने काढलेला नाही.