दारू सोडताना पहिला आठवडा जपा



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. म्हणून वस्तीतला एखादा भाऊ १४ एप्रिलला किंवा वर्षावासात विहारात उभा राहून "आजपासून बंद" म्हणतो, तेव्हा सगळ्यांनाच आनंद होतो. त्याचा निश्चय खरा असतो. पण जो माणूस कित्येक वर्षे रोज पितो, सकाळी ज्याचे हात थरथरतात आणि घोट घेतल्याशिवाय थांबत नाहीत, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद केली तर जिवाला धोका असतो. अशा माणसाने निश्चय विहारात करावा, पण दारू थांबवण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

दारू थांबल्यावर काय होते?

दारू मेंदूला सुस्त करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीवर मात करण्यासाठी जादा जोराने काम करायला शिकतो. दारू अचानक थांबते, पण तो जोर तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात कापणे, घाम, मळमळ, धडधड सुरू होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले आहे असे वाटते, घरची माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो.

घात होतो तो इथेच. शेजारी म्हणतात, "याला बाहेरचं लागलंय," आणि घरचे भगताकडे पळतात. हे भूत नाही, करणी नाही. हा दारू तुटल्याचा आजार आहे. दवाखान्यात नेले नाही तर माणूस दगावू शकतो. वेळेत नेले तर बहुतेक जण वाचतात. फिट, भ्रम, ताप किंवा रक्ताची उलटी यांपैकी काहीही दिसले तर लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. "हा रोज पिणारा आहे, शेवटची दारू अमुक वेळी घेतली," हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजेपोटी लपवू नका.

दवाखान्यात काय उपचार होतात?

पहिल्या टप्प्यात मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या देतात आणि साधारण आठवडाभरात त्या कमी करत बंद करतात. या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. त्या दारूबरोबर घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. दुसरे औषध म्हणजे थायमिन, म्हणजेच बी-वन जीवनसत्त्व. पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी असते. वस्तीतल्या दवाखान्यात अशक्तपणासाठी ग्लुकोजची बाटली लावतात, पण बी-वन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाटली लावण्याआधी "बी-वनचे इंजेक्शन दिले का?" हे जरूर विचारा.

दुसऱ्या टप्प्यात पुन्हा पिण्याची ओढ कमी करणारी औषधे असतात, उदाहरणार्थ नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. यकृत आणि मूत्रपिंड तपासून डॉक्टर त्यांतले योग्य ते ठरवतात. डायसल्फिरम नावाची तिसरी गोळीही आहे. ती घेऊन वर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. भाजीत, चहात गुपचूप मिसळायच्या पुड्या विकणाऱ्यांपासून माझ्या भगिनींनी सावध राहावे. त्या पुडीत काय आहे हे कोणालाच माहीत नसते. नवऱ्याला वाचवायला दिलेली पुडी त्याचा जीव घेऊ शकते.

गर्द किंवा ब्राऊन शुगरच्या व्यसनावरही औषधे आहेत. ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देखरेखीखाली देऊन माणसाला सावरता येते. काही दिवस सोडल्यावर शरीराची सहन करण्याची ताकद कमी होते. तेव्हा पूर्वीइतकाच डोस पुन्हा घेतला तर मृत्यू येऊ शकतो.

कुठे जायचे?

जिल्हा रुग्णालय, सरकारी मेडिकल कॉलेज किंवा मोठ्या महापालिका रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत फोन आहे. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत भरतात. त्यांना फी नसते आणि तिथे नाव गुप्त राहते.

खासगी केंद्रात भरती करण्याआधी नोंदणी पाहा, डॉक्टर रोज येतात का ते विचारा, घरच्यांना भेटू देतात का ते बघा. साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे. जिथे मारहाण होते, तो उपचार नव्हे.

घरी आल्यानंतर

खरी परीक्षा पुढच्या वर्षभरात असते. भूक, राग, एकटेपणा आणि पगाराचा दिवस, या वेळी ओढ वाढते. त्या वेळी त्याला एकटा सोडू नका. जेवण वेळेवर द्या. गुत्त्याचा रस्ता बदला. पैसे कोणाकडे ठेवायचे ते त्याच्याशी बोलून ठरवा. तो पुन्हा घसरला तर सगळे फुकट गेले असे समजू नका. साखरेचा रुग्ण गोड खाऊन आजारी पडला तरी आपण त्याचे औषध बंद करत नाही. त्याला पुन्हा दवाखान्यात न्या. पण आजार आहे म्हणून मार सहन करायचा नाही. भगिनींनो, घरात हिंसा झाली तर १८१ किंवा ११२ ला फोन करा.

२०१९ च्या सरकारी राष्ट्रीय पाहणीत दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो. बाकीचे आपल्याच गल्लीत असतात. आपण त्यांना बेवडा म्हणून सोडून देतो. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला कोणी विचारत नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदासोबत स्वतः त्याला धुतले आणि आजाऱ्याची सेवा करण्याचा उपदेश संघाला केला. शील पाळा असे सांगणे सोपे आहे. ते पाळता यावे म्हणून आजारी माणसाला हात देणे हाही धम्मच आहे.

विहार कमिट्यांना विनंती आहे की वरचे फोन क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. ज्याने निश्चय केला, त्याच्याबरोबर दुसऱ्याच दिवशी दोन माणसे दवाखान्यात पाठवा.

जय भीम! नमो बुद्धाय!