आधी कुणाचा चेहरा आठवतो?

जय जय रघुवीर समर्थ!

आजचा अभ्यास: श्रीमद् दासबोध, दशक २, समास १, २ आणि १०.

मित्रांनो, दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि शेवटचा, दहावा, पढतमूर्खाच्या लक्षणांचा. पहिला वाचताना हसू येतं. दोघं बोलत असताना मध्ये जाऊन बसणारा, स्वतःची स्तुती स्वतःच करणारा... वाचता वाचता ऑफिसमधला कुणीतरी, नात्यातला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. इथेच थांबायचं. समर्थांनी ही लक्षणं आपण टाकून द्यावीत म्हणून सांगितली आहेत, दुसऱ्याला चिकटवावीत म्हणून नाही.

अप्रेझलच्या दिवसांत टीममधल्या एका ज्युनिअरने मला विचारलं, "दादा, सुधारणेच्या रकान्यात खरं लिहिलं तर रेटिंग जाईल. मग काय लिहू?" प्रश्न रास्त आहे. त्या फॉर्मवर पगार अवलंबून असतो, तिथे माणूस जपूनच लिहिणार. पण म्हणूनच जिथे रेटिंग नाही अशी एक जागा हवी. माझ्यासाठी ती जागा म्हणजे हा समास आणि एक साधी वही.

मी वहीत दोन रकाने करतो: काम आणि घर. एक लक्षण घ्यायचं आणि दोन्हीकडे तपासायचं. उदाहरणार्थ, वाचताना अक्षरं गाळणं किंवा पदरची घालणं. कामात हे म्हणजे रिक्वायरमेंट अर्धी वाचून उरलेली मनाने भरणं. घरी? आई फोनवर बोलतेय, आपली नजर स्क्रीनवर आणि तोंडाने "हो, हो" चालू. दोष एकच, जागा दोन. दुसरं लक्षण: घरी विचार सुचतो, पण सभेत बोलायची लाज वाटते. मीटिंगमध्ये गप्प आणि नंतर चहाच्या टपरीवर सगळे मुद्दे! समर्थांनी आपलं स्टँडअप पाहिलं होतं की काय, असं वाटतं.

आता दहावा समास. तो आपल्यासारख्या डिग्रीवाल्यांसाठी आहे. पढतमूर्ख अडाणी नसतो, बहुश्रुत असतो. पण जो दोष तो दुसऱ्याला लावतो तोच आपल्याकडे आहे, हे त्याला कळत नाही. न शिकलेल्याची चूक सांगून सुधारते. शिकलेल्याकडे प्रत्येक चुकीचं समर्थन तयार असतं, म्हणून त्याचं सुधारणं अवघड. यावर एक सोपी चाचणी: या आठवड्यात कोड रिव्ह्यूमध्ये जी कमेंट तुम्ही सर्वांत जास्त वेळा लिहिली, तीच आपल्या कोडवर लावून बघा. घरी जो टोमणा वारंवार मारता, तोही.

तरी एखादी जागा आपल्याला दिसतच नाही. उत्तमलक्षणांच्या समासात समर्थ सांगतात की वाट विचारल्याशिवाय जाऊ नये. मी हे इथेही लागू करतो. खरं बोलेल अशा एका माणसाला विचारा, "माझ्याबरोबर राहताना किंवा काम करताना तुला कशाचा त्रास होतो?" उत्तर ऐकून घ्या. खुलासा देऊ नका.

आजचा गृहपाठ: पहिला समास सावकाश वाचा. ज्या ओवीला दुसऱ्याचा चेहरा सर्वांत पटकन आठवला, तीच ओवी आठवडाभर स्वतःसाठी ठेवा. एकच. दहा नकोत.

जय जय रघुवीर समर्थ!