रेझ्युमेला पैसे किती मोजावेत, आणि कशाचे?

निकाल लागले की कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत ‘रेझ्युमे बनवून मिळेल’ अशी पाटी दिसायला लागते. आत भाव विचारला तर साधारण पन्नास ते दोनशे रुपये, प्रिंटचे वेगळे. ऑनलाइन रेझ्युमे लिहून देणाऱ्या सेवा त्याच एका-दोन पानांचे नव्या उमेदवाराकडून दीड-दोन हजार घेतात. दहा-बारा वर्षांचा अनुभव असेल तर आकडा पाच हजारांवर जातो, कधी दहाच्याही पुढे. रेझ्युमेत कामं तीन असतात: मजकूर टाइप करणं, पान मांडणं आणि तुम्ही आजवर काय केलंत ते वाक्यांत आणणं. पहिली दोन आज जवळपास फुकटात होतात. मुलाखतीचं बोलावणं येतं ते तिसऱ्यामुळे, आणि पैसे मोजूनही नेमकं तेच बऱ्याच ठिकाणी मिळत नाही.

दुकानात काय मिळतं

दुकानदाराच्या डेस्कटॉपवर एक जुनी फाइल असते. आधीच्या मुलाचं नाव पुसून तुमचं टाकलं जातं, टक्केवारी बदलते, मोबाइल नंबर बदलतो. वरचं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ मात्र तसंच राहतं: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत योगदान द्यायचं आहे. एकाच मेळाव्यात एकाच टेबलावर हे वाक्य असलेले पन्नास कागद येतात आणि टेबलापलीकडचा माणूस ते वाचणं केव्हाच सोडून देतो. यात दुकानदाराचा दोष नाही. त्याने टायपिंगचे पैसे घेतले आणि टायपिंग करून दिलं.

तिथे जायचंच असेल तर मजकूर घरून लिहून न्या आणि चार गोष्टी काढायला सांगा: ऑब्जेक्टिव्ह, धर्म-जात आणि वैवाहिक स्थिती, ‘वाचन, संगीत ऐकणे’ हे छंद, आणि ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ हे शेवटचं प्रतिज्ञापत्र. खाजगी कंपनीला यातलं काहीही लागत नाही, उलट कामाच्या चार-पाच ओळींची जागा जाते. आधार आणि पॅन क्रमांक रेझ्युमेवर कधीच टाकू नका, ते नेमणुकीच्या वेळी द्यायचे असतात. फाइल पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलवर घेतलीत की दुकानाच्या संगणकातली प्रत पुसायला लावा. नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाचा नमुना तुमचाच.

पतसंस्था, शिक्षणसंस्था, दूध संघ अशा ठिकाणी मराठीतून अर्ज आणि माहितीपत्रक लागतं. तेव्हा ‘युनिकोडमध्येच टाइप करा’ असं स्पष्ट सांगा. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये केलेली वर्डची फाइल, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी नुसता चिन्हांचा खच दिसतो. पैसे गेलेले असतात आणि अर्ज कोणाला वाचताच येत नाही. तलाठी किंवा पोलीस भरतीला मात्र रेझ्युमे विचारत नाहीत, तिथे ऑनलाइन अर्ज असतो. त्यासाठी कोणी ‘सरकारी नोकरीचा खास बायोडेटा’ विकत असेल तर तो घेऊ नका.

एका संध्याकाळचं काम

इंग्रजीची भीती हे पैसे जाण्याचं मोठं कारण आहे. ती टाळायची तर पहिला खर्डा मराठीतच लिहा, अगदी घरच्यांना सांगता तसा. रोज कामावर काय करत होतात? किती? कशावर? चुकलं तर कोणाला बोलणी बसायची? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचं खरं काम.

आयटीआय करून चाकणच्या एखाद्या कारखान्यात तीन वर्षं काढलेल्या मुलाचा रेझ्युमे बहुधा असा असतो: ‘सीएनसी ऑपरेटर म्हणून काम केलं. मशीन ऑपरेशन, क्वालिटी आणि मेंटेनन्सची जबाबदारी होती.’ त्याला बोलतं केलं की वेगळंच निघतं. ‘फॅनुक कंट्रोलची दोन टर्निंग मशीन एका शिफ्टमध्ये एकट्याने चालवली. जॉब सेटिंग आणि टूल ऑफसेट स्वतः दिले. पहिला पीस मायक्रोमीटरवर तपासून क्वालिटीकडून पास करून घेतला.’ ‘सेटिंग स्वतः केलं’ एवढ्यावरून सुपरवायझरला कळतं की हा नुसता बटण दाबणारा नाही, सेटर-कम-ऑपरेटर आहे. पगाराची बोलणीही मग तिथून सुरू होतात. पहिल्या मजकुरात मेंटेनन्सची ‘जबाबदारी’ होती, पण प्रत्यक्षात तो मशीन पुसून तेल तपासत असे. मग ‘रोजची साफसफाई आणि तेलपाणी तपासणी’ असंच लिहावं. मुलाखतीत बेअरिंग कसं बदललं असं विचारलं तर घाम फुटणार नाही.

क्रियापद निवडताना पायरी चुकवू नका. पाहिलं, मदत केली, केलं, शिकवलं, ठरवलं या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. समजा, मुलांसाठी काही वर्षं घरी राहून आता पुन्हा नोकरी शोधणाऱ्या बाईंचा रेझ्युमे आहे. ‘टॅली आणि जीएसटीचं ज्ञान’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘टॅलीमध्ये दोन फर्मचे रोजचे व्यवहार नोंदवले, दरमहा बँक रिकन्सिलिएशन केलं, जीएसटीआर-१ आणि ३बी साठीची माहिती तयार करून सीएकडे दिली’ यातून सगळं कळतं. ‘रिटर्न भरले’ असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि ‘तयार करून दिली’ यात कमीपणा काही नाही. मधली वर्षं लपवू नयेत, ‘२०१९ ते २०२३ कौटुंबिक कारणाने विश्रांती’ एवढी एक ओळ पुरते. त्या काळात सोसायटीचे हिशेब सांभाळून वार्षिक सभेपुढे मांडले असतील तर ते हमखास लिहा. सोसायटीच्या सभेत हिशेबाला उत्तरं दिलेली व्यक्ती कुठल्याही ऑडिटरला घाबरत नाही.

आकडे घाला, पण खरे. शिफ्टमध्ये किती नग, किती माणसं हाताखाली, महिन्याला किती बिलं, वॉर्डात किती खाटा. ‘उत्पादकता तीस टक्क्यांनी वाढवली’ असे गोल आकडे आता सगळ्यांकडे असतात. ‘तीस टक्के कसे मोजले?’ या एका प्रश्नात ते कोसळतात. मोजलेला आकडा नसेल तर आवाका सांगा, तेवढं पुष्कळ होतं.

इंग्रजीत उतरवताना साधी क्रियापदं पुरतात: ऑपरेटेड, प्रिपेअर्ड, चेक्ड, रिपेअर्ड, ट्रेन्ड. वाक्याच्या सुरुवातीचा ‘आय’ नको. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ पुन्हा लिहा, कारण त्यात काम सोपवलं होतं एवढंच कळतं, झालं की नाही ते कळत नाही. जुन्या नोकरीला भूतकाळ, चालू नोकरीला वर्तमानकाळ. ‘हार्डवर्किंग, डायनॅमिक, टीम प्लेअर’ ही विशेषणं सरळ खोडा. नुसतं ‘एमएस-सीआयटी’ लिहिण्यापेक्षा एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्हट टेबल येतं हे लिहा. जाहिरातीत कामाला जो शब्द वापरला असेल तोच तुमच्याही कागदावर असू द्या, कारण मोठ्या कंपन्या आणि नोकरीची संकेतस्थळं आधी शब्द टाकून शोध घेतात, मग माणूस वाचतो. नोकरीच्या तारखा मात्र पीएफच्या नोंदीशी जुळवून घ्या. यूएएनमध्ये आधीच्या नोकऱ्यांचा इतिहास असतो आणि पडताळणीच्या वेळी तो बघितला जातो.

मांडणीसाठी गूगल डॉक्सचे नमुने मोफत आहेत, वर्डची ब्राउझरमधली आवृत्तीही मोफत आहे. कॅनव्हावरचे रंगीत, दोन रकान्यांचे, कौशल्यापुढे पाच तारे काढलेले नमुने दिसायला छान, पण शोध घेणारं सॉफ्टवेअर ते वाचताना गोंधळू शकतं. खात्री करायला पैसे पडत नाहीत: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे ओळी सरमिसळ दिसल्या तर यंत्रालाही तशाच दिसण्याची शक्यता आहे.

एआयकडून लिहून घेता येतं, आणि फुकट आवृत्ती या कामाला पुरते. मात्र वर सांगितलेला मराठी खर्डा त्याला द्या आणि ‘यात नसलेलं काहीही घालू नकोस’ असं बजावा. नुसतं ‘अकाउंटंटचा रेझ्युमे लिही’ म्हटलंत तर झेरॉक्सवाल्याच्या जुन्या फाइलचीच भारी इंग्रजीतली नक्कल मिळते. ‘स्पिअरहेडेड’ असा शब्द आला आणि तो तुम्हाला मुलाखतीत तोंडाने म्हणता येत नसेल, तर तो काढाच. नाव, पत्ता, फोन तिथे देऊ नका, ते नंतर घाला.

हजारो रुपये कधी मोजावेत

काही वेळा तो खर्च वाजवी असतो. पंधरा वर्षांचा अनुभव दोन पानांत बसत नाही, क्षेत्र बदलायचं आहे, किंवा परदेशी अर्ज करायचा आहे जिथले रिवाज वेगळे आहेत: अमेरिकेत फोटो आणि जन्मतारीख चालत नाही, आखाती देशांत फोटो आणि व्हिसाची स्थिती बहुधा मागतात. (युरोपसाठी युरोपासचा नमुना मोफत आहे, तो आधी पाहा.) पैसे देण्याआधी सेवेला एकच प्रश्न विचारा: लिहिणारा माणूस माझ्याशी फोनवर बोलणार का? तो अर्धा तास बोलून ‘किती, कसं, कोणासाठी’ असं खोदून विचारणार असेल तर तुम्ही त्याच्या विचारण्याचे पैसे देताय आणि ते योग्य आहेत. जुना रेझ्युमे ईमेलवर मागवून तीन दिवसांत नवा पाठवणार असेल तर विशेषणं बदलून येतील. त्यासोबत दुरुस्त्या किती वेळा मोफत, बदल करता येईल अशी वर्ड फाइल मिळणार का, आणि काम पसंत पडलं नाही तर किती रक्कम परत, हे लेखी घ्या. ‘मुलाखतीची हमी’ देणाऱ्याकडे थांबू नका, कारण मुलाखत देणं त्याच्या हातात नसतं.

जाहिरातीतला दर हा बहुधा करापूर्वीचा असतो. जीएसटी १८ टक्के धरला तर २,५०० रुपयांचं पॅकेज २,९५० ला पडतं. कार्टमध्ये कव्हर लेटर, लिंक्डइन प्रोफाइल, ‘रिक्रूटरना पाठवणे’ असे जोड आधीच टिक करून ठेवलेले आढळतात, ते काढा. ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू घालणं, शेवटच्या पायरीला किंमत वाढवणं, ‘फक्त दहा मिनिटं उरली’ अशी खोटी घाई करणं आणि वर्गणीत अडकवणं हे सगळं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या १३ ‘डार्क पॅटर्न्स’च्या यादीत आहे. रेझ्युमे बनवणाऱ्या काही संकेतस्थळांवर तासभर माहिती भरून घेतात आणि डाउनलोडच्या बटणावर पैसे मागतात. त्यांची ‘नाममात्र चाचणी’ पुढे मासिक वर्गणी होते. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डाची स्थायी परवानगी दिली असेल तर कामाच्याच दिवशी ती रद्द करा.

नोंदणीसाठी पैसे देण्याची गरज नाही. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्याचं महास्वयम ही दोन्ही मोफत आहेत. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांनाही प्रवेशशुल्क नसतं. तिथे नेण्यासाठी दहा काळ्या-पांढऱ्या प्रिंट काढल्या तर वीस ते पन्नास रुपये होतात. नेमणुकीआधी ‘नोंदणी’, ‘लॅपटॉपची अनामत’ किंवा ‘ट्रेनिंग फी’ मागणारा फोन आला तर रेझ्युमेवरचा तुमचा नंबर भलत्याच हातात पडलाय असं समजा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

सेवेने ठरलेलं काम दिलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार मोफत नोंदवता येते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल, पॅकेजच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि सगळे ईमेल जपून ठेवा. ओळखीच्या माणसाकडून काम करून घेत असाल तर निम्मे आधी द्या, निम्मे वर्ड फाइल हातात आल्यावर, आणि यूपीआयने पाठवताना टिपणीत ‘रेझ्युमे’ एवढा शब्द टाका.