वसईतील परसबाग : आधी पाणी, मग बियाणे

वसईच्या पश्चिम पट्टीत परसबाग आखायची तर पहिली पाहणी विहिरीची करावी लागते. अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गिरीज ही सारी गावे समुद्राला लागून असलेल्या रेताड जमिनीवर वसलेली आहेत. पावसाचे पाणी या रेतीतून झपाट्याने झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर साठून राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. भूजलशास्त्राच्या ढोबळ गणितानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. तीच पातळी उपशाने हातभर उतरली, की खालचे खारे पाणी त्याच्या कित्येक पटींनी वर सरकते. वसईच्या जुन्या वाड्या या हिशेबावरच उभ्या होत्या. उथळ विहीर, तिच्यावर रहाट आणि जवळच पावसाळ्याचे पाणी धरून ठेवणारे बावखल. बावखलातले पाणी सावकाश जमिनीत मुरे आणि रहाट उपसून उपसून उपसणार किती! त्यावर केळी, पानवेल आणि भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या पिकला. आज अनेक बावखले बुजली आहेत आणि रहाटाच्या जागी पंप बसले आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या निर्मळजवळील अर्ध्या गुंठ्याच्या बागेत पहिली चूक इथेच झाली. घराची जुनी विहीर मार्चनंतर दिवसाआड थोडेच पाणी देई, म्हणून तिच्या शेजारी ८० फूट खोल कूपनलिका खोदण्यात आली. डिसेंबरात भरपूर पाणी लागले. त्या भरवशावर उन्हाळ्यासाठी घेवडा, मिरची आणि काकडी लावण्यात आली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घेवड्याच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जणू कोणी उदबत्तीने चटके दिले असावेत. पान मधोमध हिरवे आणि कडेला करपलेले, असे दृश्य. हे अन्न कमी पडल्याचे लक्षण समजून शेणखत वाढवण्यात आले, मग थोडा युरिया, मग दोन्ही वेळा पाणी. कडा आणखी करपल्या. वाफ्याच्या वरंब्यावर पिठूळ पांढरा थर दिसू लागला, तो आधी बुरशीचा वाटला. अखेर शेजारच्या वाडीत जन्म घालवलेल्या एका आजींनी नळाखाली ओंजळ धरली, घोटभर पाणी तोंडात घेऊन थुंकले आणि सांगितले, “पाणी मचूळ झालंय बाळा. आता खत घालू नको.” पंधरा दिवसांत घेवडा संपला. मिरचीला फुले आली, पण ती गळत राहिली.

खारे पाणी देऊनही झाड तहानलेलेच राहते. मुळांभोवती क्षार साचले, की पाणी आत ओढून घेणे झाडाला जड जाते. त्यात युरिया विरघळला, की ते आणखीच जड जाते. म्हणून कडा करपलेल्या दिसल्या, तर खताच्या पोत्याला हात लावण्यापूर्वी पाणी तपासावे. जीभ ही पहिली परीक्षा, पण ती पुरेशी नाही. सवय झाली, की मचूळ पाणीही गोड लागते. एप्रिल अखेरीस, म्हणजे विहीर बरीच खाली गेलेली असताना, बाटलीभर पाणी आणि पसाभर माती प्रयोगशाळेत देऊन त्यांची विद्युतवाहकता मोजून घ्यावी. डिसेंबरातल्या तपासणीवर विसंबू नये, या बागेचा घात त्याच भरवशाने केला. मातीच्या अर्काची वाहकता १ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेली, की घेवड्याचे उत्पन्न घटू लागते. पालक साधारण २ पर्यंत, टोमॅटो २.५ पर्यंत आणि बीट ४ पर्यंत तग धरते. आकडा हाती आला, की उन्हाळ्यात काय लावायचे हा प्रश्न बराचसा सुटतो.

त्यानंतर मोजायचे ते प्रमाण. एप्रिलमध्ये १० चौरस मीटर वाफ्याला रोज सुमारे ५० लिटर पाणी लागते, आच्छादन असेल तर त्याहून कमी. जेवढे गोडे पाणी खात्रीने मिळेल, तेवढेच वाफे उन्हाळ्यात जागे ठेवावेत, बाकीचे वाळल्या पाचोळ्याखाली झाकून पडीक टाकावेत. वसईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर त्या हिशेबाने २ लाख लिटर पाणी कोसळते. ते गटारात सोडण्याऐवजी गाळून विहिरीत वळवले, तर निदान आपल्या विहिरीपुरता गोड्या पाण्याचा थर जाड होतो. परसात किंवा वाडीत बावखल शिल्लक असेल, तर ते कोणत्याही भावाने बुजवू नये. आणि पाणी कमी पडते म्हणून कूपनलिका आणखी खोल नेऊ नये. किनाऱ्यावर खोली वाढवणे म्हणजे खाऱ्याला आमंत्रण.

दुसरी पाहणी उन्हाची. फळभाज्यांना दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे आणि ते मे महिन्यात मोजले, तर फसगत ठरलेली. मेच्या मध्यावर वसईत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, कोणत्याही भिंतीची सावली तिच्या पायाशीच राहते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो, की भर दुपारी भिंतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी उत्तरेला पडते. बाजूला १२ मीटर उंचीची इमारत उभी असेल, तर तिच्या उत्तरेकडील ११ मीटर पट्टा ऐन हिवाळ्यात सावलीत जातो, आणि हिवाळा तर भाजीचा मुख्य हंगाम. या बागेत टोमॅटोचा वाफा असाच अडकला. रोपे कमरेएवढी वाढली, फळे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच धरली. आता त्या जागी अळू आहे. अळूला सावली मानवते.

मातीविषयी पश्चिम पट्टीत फार अडचण नसते. ती भुसभुशीत असते, फक्त पाणी आणि अन्न धरत नाही, तेव्हा दर हंगामाला चांगले कुजलेले शेणखत घालावे. कच्च्या शेणाने हुमणी येते. पूर्वेकडच्या आणि नव्या वसाहतींतल्या प्लॉटांवर मात्र वरची माती पुष्कळदा भरावाची असते. कुदळ मारली, की विटांचे तुकडे आणि सिमेंटचे ढेकूळ निघते. तिथे भराव उपसत बसण्यापेक्षा वर फूटभर उंचीचे वाफे बांधून बाहेरून आणलेली माती व खत भरणे श्रेयस्कर.

लागवडीचे वेळापत्रक नक्षत्रांवर बसवणे इथल्या हवामानाला साजते. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, तेव्हा वाफे तयार असावेत आणि वेलांचे मांडवही उभे असावेत. पाऊस सुरू झाल्यावर बांबू रोवायला गेले, तर चिखलात मुळे तुडवली जातात. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, की कारली, दोडका, पडवळ, दुधी आणि काकडी लावावी. मांडव साधारण सहा फूट उंच, वेलांत किमान १ मीटर अंतर. अंतराबाबत सढळ राहणे जड जाते, कारण जूनमध्ये दोन पानांच्या रोपांमध्ये मोकळी जमीन फुकट गेल्यासारखी दिसते. ऑगस्टमध्ये त्याच जमिनीवर वारा खेळत नाही आणि पाने भुरीने पांढरी पडतात. पावसाळ्यातला प्रत्येक वाफा गादीवाफा असावा आणि दोन वाफ्यांमधली चर थेट बाहेर काढलेली असावी. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली राहिले, तेव्हा या बागेच्या सखल कोपऱ्यातील सपाट वाफ्यातली भेंडी उभ्या उभ्या पिवळी पडून गेली आणि वीतभर उंच गादीवाफ्यावरची वाचली. बियाणे एकच, पेरणीचा दिवसही एकच होता.

हस्ताचा पाऊस ओसरला, की खरा हंगाम सुरू होतो. वांगी, टोमॅटो आणि मिरचीची रोपे सप्टेंबरात आडोशाला तयार करून चार-पाच आठवड्यांची झाल्यावर लावावीत. मेथी, मुळा, कोथिंबीर एकदम न पेरता दर दहा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, नाहीतर एकाच आठवड्यात दहा जुड्या निघतात आणि पुढे महिनाभर बाजाराची वाट धरावी लागते. वालाला दव पुरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण भूषण’ हे वालाचे वाण घरच्या बागेला सोयीचे आहे. कारल्यासाठी त्याच विद्यापीठाचे ‘कोकण तारा’ घ्यावे.

कोकणात वांग्याची मर ही मोठी पीडा आहे. सकाळी ताठ असलेले झाड दुपारी मान टाकते आणि दोन दिवसांत वाळते, पान मात्र हिरवेच असते. पाणी कमी पडले असे वाटून आणखी पाणी दिले, की रोग वाहत शेजारच्या झाडाकडे जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. खोड बुडाशी कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरावे. काही मिनिटांत कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला, तर तो जिवाणूंचा स्राव. त्यावर फवारणीचा उपाय नाही. झाड मुळासकट उपटून बागेबाहेर जाळावे आणि त्या वाफ्यात पुढली तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची लावू नये. भेंडीच्या शिरा पिवळ्या दिसल्या, तर तेही झाड लगेच काढावे, कारण पांढरी माशी तो रोग पसरवते. सुरुवातीपासून ‘परभणी क्रांती’सारखे प्रतिकारक वाण पेरलेले बरे. पांढऱ्या माशीवर आठवड्याने निंबोळी अर्क फवारावा, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून व गाळून. कारल्या-दोडक्यावरील फळमाशीची अळी पडलेल्या फळातून जमिनीत शिरून कोष करते, म्हणून वाकडी, डंख लागलेली फळे रोज वेचावीत. ती खतखड्ड्यात टाकणे म्हणजे माशी पाळणे. कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधली, की डंख बसत नाही.

मार्चपासून बाग आवरती घ्यावी. गोड्या विहिरीच्या पाण्यावर लाल माठ, चवळी आणि एक-दोन वेल काकडी एवढे पुरते. त्या वेळी मांडवावर प्रत्येक जातीचे एक निरोगी फळ न तोडता पिकू द्यावे. बी धुऊन सावलीत वाळवावे, राखेत मिसळून झाकणाच्या बाटलीत भरावे आणि बाटलीवर जात व महिना लिहावा. निर्मळच्या या बागेत कूपनलिकेचा पंप काढून टाकला आहे, छपराचे पाणी जुन्या विहिरीत उतरवले आहे आणि उन्हाळ्यात आठ वाफ्यांपैकी तीनच वाफे ओले असतात. वरंब्यावरचा क्षारांचा पांढरा थर धुऊन जायला पुरते दोन पावसाळे लागले. तिसऱ्या वर्षी त्याच वाफ्यात हिवाळी घेवडा आला.